दत्तक घेतलेलं मूल परकं कसं होतं?

दत्तक मूल पोटच्या मुलासारखंच, असं आपण सगळे म्हणतो. अमेरिकेचा कायदाही तेच म्हणतो. पण परदेशातून आणलेल्या आणि १९८३ च्या फेब्रुवारीअखेरच्या आधी जन्मलेल्या हजारो मुलांच्या बाबतीत त्याच कायद्यानं हात आखडता घेतला आहे. ही मुलं आता मुलं राहिलेली नाहीत. कुणी चाळिशी ओलांडली आहे, कुणी साठीच्या पुढे गेलं आहे, काहींच्या मांडीवर नातवंडं खेळतात. तान्हेपणी विमानात बसवून नेलेली ही माणसं तिथेच वाढली, तिथेच शिकली, त्यांनी कर भरला, काहींनी तर तिथल्या सैन्यात नोकरी केली. आणि एक दिवस पासपोर्टच्या किंवा पेन्शनच्या अर्जाच्या निमित्तानं खिडकीपलीकडचा कारकून सांगतो, की तुम्ही या देशाचे नागरिक नाही.

यात मुंबईचाही हात आहे, म्हणून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही. १९८९ साली मुंबईच्या एका अनाथाश्रमातून सात-आठ वर्षांची एक मुलगी अमेरिकेत गेली. ज्या घरात गेली तिथे तिला घर मिळालंच नाही. एका घरातून दुसऱ्या घरात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी ती फिरत राहिली. मोठी झाली, लग्न केलं, दोन मुलं झाली. पुढे अमली पदार्थ जवळ बाळगल्याच्या गुन्ह्यात शिक्षा झाली आणि तेव्हा उघड झालं, की तिच्या नागरिकत्वाचा अर्ज कुणी केलेलाच नव्हता. २००८ साली तिला मुंबईत आणून सोडलं. नवरा आणि मुलं तिकडे, ही इकडे. हिंदी येत नाही, मराठी येत नाही, ओळखीचं कुणी नाही. ज्या शहरानं तिला सात वर्षांची असताना पाठवून दिलं होतं, तेच शहर कागदोपत्री तिचं ‘घर’ ठरलं.

दुसरी एक मुलगी. १९८२ साली भारतात जन्मली आणि काही महिन्यांची असतानाच यूटा राज्यातल्या एका बाईनं तिला दत्तक घेतलं. मुलगी आठ वर्षांची असताना आईचं कर्करोगानं निधन झालं आणि नागरिकत्वाचे कागद राहून गेले. पुढे ती व्यसनात अडकली, खोट्या चेकच्या प्रकरणात शिक्षा झाली आणि हद्दपारीची नोटीस आली. नवा कायदा तिला वाचवू शकला असता, पण त्यातल्या तारखेच्या हिशेबानं ती साधारण अकरा महिन्यांनी मोठी निघाली. २०१२ साली अपील न्यायालयानंही तेच ठरवलं. अकरा महिने!

हे असं का झालं, ते समजून घ्यायला हवं. नाहीतर ‘आईबापांचा निष्काळजीपणा’ एवढ्यावरच विषय मिटवला जातो.

अमेरिकेत दत्तकाचा आदेश राज्याचं न्यायालय देतं. नागरिकत्व देणं हे केंद्र सरकारचं काम. दोन वेगळी दारं. दत्तकाचा आदेश हातात पडला, नवा जन्मदाखला मिळाला, त्यावर नव्या आईबापांची नावं आली, की बहुतेक जोडप्यांना वाटायचं काम झालं. पुढे आणखी एक अर्ज करायचा आहे, फी भरायची आहे, मूल अठराचं व्हायच्या आत हे उरकायचं आहे, हे काहींना माहीत नव्हतं. काहींना सांगितलं गेलं नाही. काहींनी अर्धवट सोडलं. काहींचा घटस्फोट झाला, काही वारले, आणि काहींनी मूलच टाकून दिलं. ज्या मुलांना दत्तक कुटुंबात मारहाण झाली, ज्यांना सरकारी आसऱ्याला धाडलं गेलं, त्यांचेच कागद जास्त करून राहिले. मला यातली सगळ्यात टोचणारी गोष्ट हीच वाटते. ज्या मुलाचं पहिलं नशीब वाईट होतं, त्याचं दुसरंही वाईट निघालं आणि मग सरकारनं त्या दोन्हींचा हिशेब त्याच्याच नावावर मांडला.

आपल्या बाजूनंही गोष्ट साधी नव्हती. त्या काळात परदेशी माणसाला भारतात मूल दत्तक घेता येईल असा सर्वांसाठीचा कायदाच नव्हता. १९५६ चा दत्तक कायदा फक्त हिंदूंसाठी. म्हणून परदेशी जोडपी १८९० च्या इंग्रजांच्या पालक आणि पाल्य कायद्याखाली न्यायालयातून पालकत्वाचा आदेश घ्यायची, मुलासाठी भारतीय पासपोर्ट काढायची आणि दत्तकविधान आपल्या देशात जाऊन करायची. म्हणजे मूल इथून निघताना दत्तक झालेलं नसायचं. ते भारतीय नागरिक म्हणून विमानात बसायचं आणि पुढचं सगळं त्या जोडप्याच्या मर्जीवर सोडलेलं असायचं. यात गैरप्रकार होतात अशी तक्रार लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी पत्रानं सर्वोच्च न्यायालयाकडे केली आणि न्यायमूर्ती भगवतींनी १९८४ साली त्यावर सविस्तर निकाल देऊन नियम घालून दिले. पण तोवर कितीतरी विमानं उडून गेली होती.

भारत यात एकटा नव्हता. कोरियन युद्धानंतर दक्षिण कोरियातून सुमारे दोन लाख मुलं परदेशी गेली, त्यातली बहुसंख्य अमेरिकेत. १९७५ च्या एप्रिलमध्ये सायगाव पडायच्या बेतात असताना अमेरिकेनं तिथून अडीच हजारांहून अधिक मुलं विमानांत भरून नेली. घाई एवढी, की कुणाचे कागद कुणाला लागले याचा ताळमेळ नव्हता. त्या वेळी जगाला हे सगळं पुण्याचं काम वाटलं. पुण्य करणाऱ्यानं पावती जपून ठेवायची असते, हे मात्र कुणी लक्षात घेतलं नाही.

मग २००० साल आलं. अमेरिकेच्या संसदेनं बाल नागरिकत्व कायदा केला, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यावर सही केली आणि २७ फेब्रुवारी २००१ पासून तो लागू झाला. कायदा चांगलाच आहे. आईबापांपैकी एक जण जरी अमेरिकी नागरिक असेल, मूल त्यांच्या ताब्यात राहत असेल, कायम वास्तव्याच्या परवान्यावर आलेलं असेल आणि दत्तकविधान पुरं झालेलं असेल, तर वेगळा अर्ज न करता नागरिकत्व आपोआप मिळतं. पण अट अशी, की त्या दिवशी मूल अठरा वर्षांच्या आत असलं पाहिजे. ज्यांचा अठरावा वाढदिवस आदल्या दिवशी झाला, ते बाहेर. म्हणजे ज्यांच्यावर अन्याय होऊन गेला होता, ज्यांच्यामुळे कायद्याची गरज कळली, नेमके तेच वगळले गेले.

याच कायद्यात आणखी एक कलम आहे, त्याची चर्चा फारशी होत नाही. नागरिक नसलेल्या माणसानं अमेरिकेत मतदान करणं हा गुन्हा आहे. पण ज्याचे आईबाप, मग ते दत्तक घेतलेले का असेनात, अमेरिकी नागरिक आहेत, जो सोळा वर्षांचा व्हायच्या आधीपासून तिथे कायमचा राहतो आणि आपण नागरिकच आहोत असं ज्याला रास्तपणे वाटत होतं, त्यानं मतदान केलं असेल तर त्याला शिक्षा करू नये, असं या कायद्याच्या दुसऱ्या भागात लिहून ठेवलं आहे. याचा अर्थ काय? ही माणसं स्वतःला मनापासून नागरिक समजत होती आणि तसं समजण्यात त्यांची चूक नव्हती, हे संसदेला ठाऊक होतं. तरी तिनं त्यांना मतदानाची माफी दिली, नागरिकत्व दिलं नाही. निष्पाप आहात असं लेखी द्यायचं आणि दार मात्र बंद ठेवायचं, हा न्याय मला कळत नाही.

आता लोक विचारतात, की गुन्हा केला म्हणूनच हद्दपार झाले ना? कायदा पाळणाऱ्याला काय भीती?

पहिली गोष्ट, नागरिकत्व नसल्याचा त्रास गुन्हा न करणाऱ्यांनाही होतो. पासपोर्ट मिळत नाही. सरकारी नोकरीत अडतं. म्हातारपणीच्या सरकारी निवृत्तिवेतनाच्या वेळी प्रश्न उभे राहतात. काही मुलांना तर पर्यटक किंवा उपचारासाठीच्या व्हिसावर आणलं गेलं होतं, त्यांच्याकडे कायम वास्तव्याचाही परवाना नाही. किती जण असे आहेत याचे अंदाज पंधरा हजारांपासून पंचाहत्तर हजारांपर्यंत दिले जातात. आकड्यात एवढी तफावत असण्याचं कारण सरळ आहे, अनेकांना स्वतःलाच हे ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक झालंय ते गप्प बसतात, कारण अर्ज करायला जावं तर आपणच आपलं नाव सरकारच्या हातात द्यायचं.

दुसरी गोष्ट, ‘गुन्हा’ शब्दाची व्याप्ती. १९९६ साली अमेरिकेनं स्थलांतराचा कायदा कडक केला. त्यात हद्दपारीसाठी ‘गंभीर’ मानल्या जाणाऱ्या गुन्ह्यांची यादी इतकी वाढवली, की एक वर्षाची शिक्षा सुनावलेली चोरीही त्यात आली, मग ती शिक्षा प्रत्यक्ष भोगलेली नसली तरी. जुने गुन्हेही त्यात धरले गेले. आधी न्यायाधीश माणसाचं घर, मुलंबाळं, तिथे घालवलेली वर्षं बघून हद्दपारी थांबवू शकत होते. या गुन्ह्यांसाठी तो दरवाजाही जवळजवळ बंद झाला.

आणि तिसरी गोष्ट माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची. याच घरातल्या पोटच्या मुलानं तोच गुन्हा केला असता, तर तो तुरुंगात गेला असता, शिक्षा भोगून परत आला असता, विषय संपला असता. दत्तक भावंडाला मात्र शिक्षा भोगून झाल्यावर दुसरी शिक्षा, आणि ती आयुष्यभराची. २०१६ साली दक्षिण कोरियात परत पाठवलेला एक माणूस तीन वर्षांचा असताना अमेरिकेत आला होता. दोन दत्तक कुटुंबांनी त्याचे हाल केले. त्याच्या दुसऱ्या दत्तक आईबापांवर मुलांच्या छळाबद्दल खटलाही चालला होता. ते दोघे नागरिक, म्हणून ते तिथेच राहिले. बाहेर काढला गेला तो मुलगा. २०१२ साली कोरियात परत पाठवलेल्या आणखी एकानं पाच वर्षांनी आत्महत्या केली. त्याला कोरियन येत नव्हतं.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे कागदांशी माझा रोजचा संबंध. एकाच मुलाचं नाव एका कागदावर मोहम्मद, दुसऱ्यावर महंमद, तिसऱ्यावर नुसतं मो. हे मुलानं लिहिलेलं नसतं. कुणीतरी घाईत लिहिलेलं असतं, आणि पंधरा वर्षांनी तो मुलगा नोकरीसाठी तालुक्याला खेटे घालतो. आमच्या पिढीत तर निम्म्या गावाचा वाढदिवस एक जूनला. गुरुजींनी वय पहिलीत बसवायला ती तारीख टाकली आणि तीच आयुष्याची झाली. अनाथाश्रमातल्या टाकून दिलेल्या मुलांचंही तसंच. जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसते, दात बघून, वजन बघून अंदाजानं एक तारीख मांडली जाते. अशा अंदाजे मांडलेल्या तारखेवर, तारखेच्या या बाजूला असशील तर आमचा आणि त्या बाजूला असशील तर परका, असा निकाल लावायचा. २०१९-२० च्या हिवाळ्यात आपल्या मोहल्ल्यांत लोक पत्र्याच्या पेट्या उघडून आजोबांचे दाखले शोधत होते. त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. आपण निदान पेटी उघडू शकत होतो. ज्याला तान्हेपणी उचलून नेलं, त्याच्याकडे पेटीही नाही.

इथे आपल्यातले काही जण म्हणतील, की म्हणूनच इस्लाममध्ये दत्तक नाही. हा मुद्दा मला टाळायचा नाही. हजरत जैद (रजि.) यांना लोक पैगंबर (सल्ल.) यांचा मुलगा म्हणून हाक मारत. पुढे सूरह अहजाबमधल्या आदेशानं त्यांना पुन्हा त्यांच्या जन्मदात्या पित्याच्या, हारिसाच्या नावानं ओळखलं जाऊ लागलं. मुलाचं नसब पुसायचं नाही, हा त्यातला गाभा. प्रेम, सांभाळ, शिक्षण, खर्च यात कुठेच कसर नाही, फक्त तो कुठून आला हे लपवायचं नाही. यालाच कफाला म्हणतात.

अमेरिकेच्या पद्धतीत याच्या उलट होतं. नवा जन्मदाखला निघतो, त्यावर जुन्या आईबापांचं नाव नसतं, नवं आडनाव येतं, जुनी फाईल अनेक राज्यांत सीलबंद होते. मुलाची मुळं पूर्ण उपटून नव्या मातीत लावली, असा त्या व्यवस्थेचा दावा. मग हद्दपारीच्या वेळी तीच मुळं अचानक कुठून सापडतात? ज्या राज्यानं मुलाच्या जन्मदाखल्यावर नवा बाप लिहिला, त्याच देशाचं केंद्र सरकार तीस वर्षांनी म्हणतं, तुझा जन्म मुंबईचा, तू मुंबईला जा. नसब पुसायचं असेल तर पुरतं पुसा आणि त्याबरोबरचा सगळा हक द्या. कफाल्यात निदान हे ढोंग नाही.

पण कफाल्याचं नाव घेऊन आपणही निवांत बसू नये. पाकिस्तान, मोरोक्कोसारख्या देशांतून अमेरिकेत नेलेली मुलं आजही अशाच कोंडीत सापडू शकतात. पाकिस्तानात दत्तकाचा कायदा नाही, तिथेही तोच १८९० चा कायदा चालतो. वली म्हणून आदेश मिळतो, मूल अमेरिकेत येतं. पण नुसत्या पालकत्वानं नागरिकत्व मिळत नाही. तिथल्या न्यायालयातून दत्तकाचा आदेश साधारणपणे मूल सोळा वर्षांचं व्हायच्या आत घ्यावा लागतो, मगच २००० चा कायदा लागू होतो. धार्मिक संकोचापोटी काही कुटुंबं हा आदेश घेत नाहीत. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं, की या आदेशानं मुलाचं नाव बदलावंच लागतं असं नाही. खऱ्या बापाचं नाव तसंच ठेवता येतं, घरात सत्य सांगता येतं. यतीमाचा माल खाऊ नये हे आपण लहानपणापासून ऐकतो. ज्या देशात त्याला वाढवलं त्या देशाचं नागरिकत्व हाही त्याचा मालच आहे, तो त्याच्या हाती पोहोचवणं ही वलीची जबाबदारी. ज्यांचे नातेवाईक तिकडे एखादं मूल सांभाळत आहेत, त्यांनी एक फोन करून एवढं विचारून घ्यावं.

आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर सांगितलं, की बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या माणसाला मूल दत्तक घेता येईल, कुणावर सक्ती नाही. त्यावर आपल्याकडे बराच वाद झाला. मला तो निकाल योग्य वाटतो. ज्याला कफालाच हवा त्यानं तो घ्यावा, पण मुलाच्या हक्काचा कागद कच्चा राहू नये.

अमेरिकेत २०१५ पासून ही चूक दुरुस्त करणारं विधेयक पुन्हा पुन्हा मांडलं जातंय. तारखेची अट काढा आणि जे वगळले गेले त्यांनाही नागरिक माना, एवढीच मागणी. दोन्ही पक्षांचे खासदार त्यावर सह्या करतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये तर उद्योगधंद्यांविषयीच्या एका मोठ्या विधेयकाला जोडून ते कनिष्ठ सभागृहात मंजूरही झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अंतिम कायदा झाला, तेव्हा चिप बनवणाऱ्या कारखान्यांचे अब्जावधी डॉलर त्यात होते, दत्तक मुलं नव्हती. खरं तर या मागणीला विरोध करणारं ठळक असं कुणीच नाही. स्थलांतराचा विषय निघाला की सगळे एकमेकांकडे संशयानं बघतात आणि या माणसांचा प्रश्न त्याच गठ्ठ्यात बांधला जातो. वास्तविक ही माणसं स्थलांतरित नव्हेत. त्यांनी कुठे जायचं हे कधी ठरवलंच नव्हतं.

मग आपण काय करायचं? अमेरिकेची संसद आपल्या हातात नाही, पण आपल्या फायली आपल्या हातात आहेत. भारतानं २००३ साली आंतरराष्ट्रीय दत्तकाच्या हेग कराराला मान्यता दिली. आज ‘कारा’ या केंद्रीय संस्थेमार्फत मूल परदेशी गेलं, तर दोन वर्षं त्याचे अहवाल मागवले जातात, नागरिकत्वाचीही खातरजमा करायची असते. हे आजच्या मुलांसाठी. जुन्यांना मागे वळून कुणी विचारलेलं नाही. दक्षिण कोरियात सत्यशोधन आयोगानं मार्च २०२५ मध्ये परदेशी दत्तकांमधल्या गैरप्रकारांची जबाबदारी आपल्याच सरकारवर ठेवली आणि बाहेर गेलेल्यांच्या नागरिकत्वाची पाहणी करावी अशी शिफारस केली. भारतालाही हे करता येईल. १९८३ च्या आधी जन्मलेल्या आणि १८९० च्या कायद्याखाली बाहेर गेलेल्या मुलांच्या पालकत्वाचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या आणि जिल्हा न्यायालयांच्या दप्तरांत आहेत. त्यांची यादी करून अमेरिकेतल्या आपल्या वकिलातींनी निदान विचारावं, की यांच्यापैकी किती जण तुमच्याकडे नागरिक म्हणून नोंदले गेले? आपल्या १९५५ च्या कायद्यानुसार, ज्यानं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेनं घेतलेलं नाही तो भारताचाच नागरिक राहतो. म्हणजे ज्यांचे कागद तिकडे राहून गेले, ते सगळे आजही आपले नागरिक आहेत, आणि आपल्या नागरिकांची विचारपूस करायला कुणाच्या परवानगीची गरज नसते. ही मुलं इथून गेली तेव्हा त्यांच्या हातात भारताचा पासपोर्ट होता. त्यांच्यातली सगळ्यात धाकटी आता बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांची झाली आहेत.